भेंडीची फुलं

ताटात भेंडी दिसली की मधुसूदन तोंड वाकडं करायचा. तोच नवरा आठवडाभर बर्डीच्या बाजारातून येताना पावभर भेंडी घेतो आणि परस्पर वरच्या मजल्यावरच्या अदितीकडे नेऊन देतो, हे कळल्यावर वृंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा जिना चढून वर गेली.

दार उघडंच होतं. अदितीसमोर मांडी ठोकून बसलेला नवरा आडवी चिरलेली भेंडी लाल रंगात बुडवून कागदावर फुलांचे ठसे उमटवत होता.

"अवं, तुह्याच वाढदिवसाचं ग्रीटिंग बनवून राहिलो," तो ओशाळून म्हणाला. "अदिती शिकवून राहिली मले."

वृंदानं एकेक फूल निरखून पाहिलं.



"ते ठीक आहे. पण भेंडी इतकी सुबक चिरून कोणी दिली तुम्हाले?"