इथे कुणी रागावणार नाही

देवरीच्या व्यसनमुक्ती केंद्रात पुण्याच्या मॅडम नाटकातून उपचार करायच्या. त्यांनी 'बरा झाला' म्हटल्याशिवाय कुणाला घरी सोडत नसत. गावच्या दंडारीच्या खेळांत लुगडं नेसून बायकांची कामं गाजवलेल्या यादोरावला त्या आता अभिनय शिकवत होत्या!

"ज्याच्यापुढे तुमचं काही चालत नाही, त्याचं सोंग आणा," मॅडम म्हणाल्या. "इथे कुणी रागावणार नाही."

"पक्कं ना? मंग तुमची ओढणी द्या जरा."

आता बायकोचं सोंग येणार म्हणून मंडळी आधीच खिदळायला लागली.

यादोरावनं ओढणी गळ्यात टाकली, मान तिरपी केली आणि अस्सल पुणेरी आवाज काढला, "डोळे मिटा. लहानपणी बाबांनी मारलं असेल ना? नाही? नीट आठवा बघू!"