उशाखालचं फूल

प्रतिभाचं लग्न झालं ते सत्त्याण्णव साल. लेक सासरी गेली आणि तिच्या बापानं, सावळीरामानं, अंथरूण धरलं. दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं. सिंधुबाईनं मळ्यातला झेंडू देवीला चिकटवून कौल मागितला. फूल उजवीकडं पडलं, म्हणजे देवीचा होकार. ते तिनं नवऱ्याच्या उशाखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं भाकरी मागितली. आठवडाभरात तो ओट्यावर येऊन बसू लागला. फूल मात्र सुकेना.

पुढं घरात वास सुटला. नाशिकच्या फुलबाजारात न खपलेला झेंडू पोत्यात सडतो, तसा. सिंधुबाईनं अंथरुणं झटकली, घर सारवलं, तरी वास जाईना.

"घराला कुठं? तुझ्याच तोंडाला येतोय," सावळीराम हसून म्हणाला. "राखुंडी लाव, सिंधे. जेवण जात नाय मला."

तिनं मोरीत जाऊन मिठाच्या पाण्याची चूळ टाकली. चुळीतून एक काळपट, बुळबुळीत पाकळी पडली. पुन्हा चूळ टाकली, तर आणखी दोन. तिला शिसारी आली.

तिनं उशाखालचं ते टवटवीत फूल चिमटीत धरलं आणि उकिरड्याकडं निघाली. अंगण ओलांडलं नाही तोच मागं सावळीरामाला घरघर लागली. ती तशीच माघारी पळाली, फूल होतं तिथं ठेवलं. घरघर थांबली.

"काय झालं गं?" त्यानं विचारलं.

"काय नाय. जेवता का?"

"वाढ की."

सिंधुबाईनं ताट वाढलं. जिभेवर आलेली पाकळी तिनं थुंकली नाही, गिळली.

अठ्ठ्याण्णवच्या भोगीला सिंधुबाई वारली.