दोघींतली हुशार

धाकटीने कापडावरच कागद ठेवला. "ताई, दोनच मिनिटं. हे पाच तुकडे जोडले तर खालच्या चारपैकी कुठली आकृती होईल?"

ताई कोटाची बाही कापत होती. कात्री हातातून न सोडता तिने कागदाकडे पाहिलं. "एकही नाही. हा तिसरा तुकडा उलटा काढलाय. पालथा केल्याशिवाय बसायचाच नाही. उजव्या खांद्याला डावी बाही लावल्यासारखं झालंय."

धाकटी नोकरभरतीसाठी बुद्धिमापन चाचण्या तयार करायची. हा प्रश्न तिच्या कार्यालयातल्या तिघा तज्ज्ञांनी तपासला होता. तीनशे उमेदवारांनी तो सोडवलाही होता. ती स्टुलावर बसली, पेन्सिलीने तुकडे पुन्हा जुळवून पाहिले.

"बरोबर आहे तुझं."

"लागला असेल नेम चुकून," ताई हसली. "चव्वेचाळीस गुणवाली बाई मी. विसरलीस का?"

शाळेत असताना दोघींनी एकाच दिवशी, एकाच वर्गात बसून निवासी शाळेच्या प्रवेशाची बुद्धिमापन परीक्षा दिली होती. धाकटीला एक्क्याण्णव मिळाले आणि ती शहरातल्या त्या शाळेत गेली. ताई वडिलांच्या शिंपीकामाच्या दुकानात मशीनवर बसली. तेव्हापासून बँकेचा साधा फॉर्मही ती दुसऱ्याकडून भरून घ्यायची. माझं डोकं नाही चालत, हे सांगताना आता तिला लाजसुद्धा वाटत नसे.

धाकटी हसली नाही. कागदाची घडी घालत, उलगडत राहिली.

"काय गं?"

"बाबा मला सकाळी शाळेत सोडायला यायचे, आठवतं? तू दुकान झाडायला थांबायचीस."

"बरं मग?"

"वाटेत ते माझ्याकडून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायचे. कुठल्याशा मास्तरांनी दिल्या होत्या. तीन महिने, रोज. परीक्षेत जवळजवळ तेच प्रश्न आले."

ताईची कात्री थांबली. परीक्षेतलं पहिलं पान तिला अजून आठवत होतं. चौकोन, बाण, काळे-पांढरे ठिपके. प्रश्न काय विचारलाय हेच कळायला तिचा अर्धा वेळ गेला होता.

"मला नाही सांगितलंस."

"बाबांनी शपथ घातली होती. लहान होते गं मी."

"आणि मोठी झाल्यावर?"

धाकटीने कागद पर्समध्ये कोंबला.

ताईने कापड तसंच टाकलं आणि ती मागच्या खोलीत गेली. खिडकीपाशी म्हातारे वडील कोटाच्या काजांना टाके घालत बसले होते. नजर अधू झाली होती, पण हातात काम लागायचंच. आज सकाळी तिनेच त्यांची दाढी करून दिली होती.

"बाबा, त्या परीक्षेची तयारी तिच्याकडूनच का करून घेतलीत?"

कुठली परीक्षा, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी सुई कापडात खोचली.

"दोघी गेला असतात, तर दुकान कुणी चालवलं असतं?"

"तिला पाठवलंत, मला ठेवलंत. ते समजलं. पण मीच का?"

"तू दहा वर्षांची होतीस. मला एकदाच बेतताना बघून अख्खा सदरा बेतला होतास. इंचभर कापड वाया घालवलं नाहीस." म्हाताऱ्याच्या आवाजात इतक्या वर्षांनीही कौतुक होतं. "धाकटीला दहादा सांगावं लागायचं. तिच्या हाती दुकान बुडालं असतं."

दाराशी येऊन उभी राहिलेली धाकटी हे ऐकून तिथेच थिजली. ताईने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"मग निकाल लागला त्या दिवशी, सगळ्यांसमोर मला मठ्ठ का म्हणालात? आणि त्यानंतर जन्मभर?"

वडिलांनी दोरा दाताने तोडला. कोट चाचपून टाका नीट बसलाय का ते पाहिलं.

"तुला कळलं असतं तर तू थांबली असतीस का?"

बाहेर गिऱ्हाइकाने हाक मारली. मग पुन्हा एकदा मारली. इतक्या वर्षांत ताईने आज पहिल्यांदाच 'आले' म्हटलं नाही.