छातीवरचं वजन

बायको छातीवर उभी राहिली तेव्हाच ती आज नेहमीपेक्षा जड आहे, हे त्याच्या लक्षात आलं. ती चिडलेली आहे, हे लक्षात यायला थोडा वेळ गेला.

छातीवर माणूस उभा करणं हा व्यायाम होता. जुना, जगानं विसरलेला. दिवसभर तो व्यायामशाळेत लोकांना यंत्रांवर बसवायचा आणि घरी आला की यंत्रं येण्याआधीच्या छात्यांचा इतिहास मोबाइलवर चित्रित करायचा. रबरी पिशव्या फुंकून फोडून झाल्या होत्या. दोन खुर्च्यांच्या मधे खोल जोर काढून झाले होते, त्यात एक खुर्ची गेली. आज मालिकेचा शेवटचा भाग. सतरंजीवर उताणं पडायचं, मान वळवायचा मोह नको म्हणून डोळ्यांवर रुमाल टाकायचा, छाती भरून श्वास कोंडायचा आणि वर एक माणूस घ्यायचा. मालिका बघणारे मोजके होते. त्यातला एक त्याचा मामा. पण इतिहासाचं काम कुणी गर्दीसाठी करत नाही, असं तो मामाला सांगायचा.

"श्वास घ्या," बायको खिडकीचा गज धरून वरून म्हणाली. "धरा."

ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. हे शब्द तिच्या तोंडात दिवसभर असायचे. पण नवऱ्याला ती अहो-जाहो कधीच करायची नाही. ती आदरानं बोलायला लागली की घराबाहेर पडावं, एवढं तो लग्नानंतर शिकला होता. आज बाहेर पडायची सोय नव्हती.

"रविवारी मी अंघोळीला गेले होते, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलमधून फोन आला," ती म्हणाली. "अख्खा एक्स-रे विभाग माझ्या हाताखाली देणार होते. फक्त गाव बदलायचं होतं. तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

त्यानं सांगितलं होतं, तिला जमणार नाही. त्यामागचं कारणही त्याच्याकडे तयार होतं. चांगलं लांबलचक, 'आपल्या दोघांच्या भल्यासाठी' असं सुरू होणारं. पण बोलायचं तर श्वास सोडायला हवा, आणि श्वास सोडला तर बरगड्या गेल्या. जुन्या लोकांनी या व्यायामात नवरा-बायकोच्या बोलण्याचा विचारच केलेला नव्हता.

"'तिला जमणार नाही,'" तीच म्हणाली. "बाथरूमच्या दारावर नुसती टकटक केली असती तरी चाललं असतं. साबण लावलेल्या हातानं फोन घेतला असता मी. आज मीच चौकशीला फोन केला, तर पलीकडचे म्हणाले, तुमच्या मिस्टरांनी तुमच्या वतीनं कळवलंय. माझ्या वतीनं! मला वतनदार भेटला आणि मलाच पत्ता नाही."

आता त्यालाही राग आला. कॅमेरा चालू असताना हे घरगुती विषय काढायचे असतात का? आणि भाग अर्धा राहिला तर दुसरं वजन त्यानं कुठून आणायचं? मामाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं.

तिच्या टाचा आणखी रुतल्या. खरंच जड होती ती आज. रागाला वजन असतं, असा एक विचार त्याच्या डोक्यात चमकला, आणि गुदमरत असतानाही तो मनातल्या मनात खूश झाला. हे कुठल्याच जुन्या पुस्तकात नव्हतं.

"तुमच्या त्या पुस्तकात एक फोटो आहे," ती म्हणाली. "पहिलवान खाली पडलेला, त्याच्या छातीवर एक बाई उभी. खाली पहिलवानाचं नाव, गाव, छातीचं माप, सगळं दिलंय. मी विचारलं होतं, ही बाई कोण? तुम्ही काय म्हणालात?"

तो म्हणाला होता, "ती कोण असणार? वजन आहे ते."

कानात शिट्ट्या वाजायला लागल्या. त्यानं जमिनीवर थाप मारली. थाप पडली की तिनं उतरायचं, असं ठरलेलं होतं.

ती उतरली नाही. "लोक रोज माझ्या शब्दावर श्वास धरतात. पोरंसोरं धरतात, म्हातारे धरतात. तुम्ही तर मोठे पहिलवान."

त्यानं पुन्हा थाप मारली. मग दोन्ही हातांनी मारली.

"त्यांना मी कळवलंय," ती म्हणाली. "जमतंय म्हणून."

मग तिचा आवाज मोबाइलच्या दिशेनं वळला. तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं. लग्नाआधीचं, वडिलांच्या नावासकट, अगदी सावकाश, लिहून घेणाऱ्याला सोपं जावं असं.

"हे वजनाचं नाव," ती म्हणाली. "सोडा श्वास."

छातीवरचा भार उतरला. त्यानं श्वास सोडला, आणि एवढा वेळ साठवलेली सगळी उत्तरं एका लांब फुसकाऱ्यात निघून गेली. कुठंतरी चपला जमिनीवर पडल्या. दार वाजलं. गेली असेल शेजारी, डोकं शांत करायला. त्याला बरंच वाटलं. तो बराच वेळ तसाच पडून राहिला, मग रुमाल काढला आणि आपली छाती किती उचलली होती ते बघायला व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

व्हिडिओत ती आतल्या खोलीतून आली तेव्हाच तिच्या खांद्यावर गच्च भरलेली मोठी बॅग होती, आणि हातात चपला.