तिच्याशेजारची जागा

"पेत्राची सासू तापानं फणफणली होती. प्रभूनं तिचा हात धरला आणि ताप उतरला." पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "यातून काय शिकलात, गेनूकाका?"

बाप्तिस्म्याआधी पवित्र शास्त्राची ओळख करून देणाऱ्या त्या वर्गात म्हातारा मी एकटाच.

"ताप माझ्या बायकोलाही होता. हात मीही धरला होता, गार पडेपर्यंत."

त्यांनी पुस्तक मिटलं. "विश्वास बसत नसेल, तर बाप्तिस्म्याची घाई नको, काका."

"घाई वयाला आहे. बाप्तिस्मा नसेल तर कबरस्थानात तिच्याशेजारी जागा नाही, हे तुम्हीच सांगितलंत. वाचा. सासूचं पुढं काय झालं?"

"ती उठली आणि तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं."

माझी बायको उठली असती, तर तिनंही आधी ताटच वाढलं असतं.