गरम पाण्याचा कॉक

"गिझर ठणठणीत आहे, ताई," प्लंबर इरफानभाई स्टुलावरून उतरत म्हणाले. "गरम पाण्याचा कॉकच कुणीतरी पाऊण बंद केलाय. मग धार बारीकच येणार."

मृणाल चकित झाली. घरात ती आणि सासरे, दोघंच. पंधरा दिवस ती त्या धारेवर चिडत होती आणि अण्णा मुकाट्याने ऐकून घेत होते.

"अण्णा, तुम्ही बंद केलात?"

"हो." दारात उभ्या अण्णांनी मान खाली घातली. "पूर्ण उघडू नकोस."

"पण का?"

ते स्टुलावर बसले आणि त्यांनी डाव्या पायातला मोजा हळूच काढला. पावलाची कातडी सोलली होती, मधे पू झाला होता.

"अंघोळीला कढत पाणी पायावर पडत राहिलं, मला कळलंच नाही. साखरेने पाय बधिर झालाय. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी कापला असता गं."

"ताई, मी रिक्षा आणतो," म्हणत इरफानभाई जिना उतरले.

मृणाल खाली बसून अण्णांच्या पायात चप्पल घालू लागली. घाईत तिचं नख जखमेला लागलं. ती दचकली. अण्णा मात्र शांतपणे रिक्षाची वाट बघत होते.