छपऱ्याचा भरत

“आत गेल्यावर शिवीसुद्धा हिंदीतच द्यायची,” कुरकुंभच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेकेदार साहेबरावांनी भारतला बजावले. “तुझे कागद माझ्यापाशी राहत्याल. लाईनवर तू भरतकुमार. गाव छपरा, बिहार.”

“आन् कुणी ओळखलं तर?”

“बाकीच्यांचं सोड. सुपरवायझर यादवजींनी ओळखलं तर संपलं. ह्या भागातलं पोरगं दिसलं की त्यो आठवड्यात बाहेर काढतो.”

स्थानिक मुले लग्नाकार्याला, जत्रेला सुट्टी मागतात आणि कुणी रागावले की पुढारी घेऊन येतात, असे कारखान्याच्या मोठ्या साहेबांचे मत होते. ते कुणी कागदावर लिहिले नव्हते. पाळत मात्र सारे होते. भारतने आयटीआय पूर्ण करून शिक्रापूरचे कारखाने पालथे घातले होते. गाव विचारले जाई आणि बोलणे तिथेच थांबे.

शिरूरजवळ घोडनदीकाठी झेंडू पिकवणाऱ्या त्याच्या आईला, धुरपदाबाईंना, हे मुळीच रुचले नाही.

“आपल्या मुलखात आपणच परकं व्हायचं?” त्या फोनवर कडाडल्या. “आज नाव बदललंस, उद्या आईबी बदलशील!”

“दिवाळीनंतर पक्कं करत्यात, आई. यादवजींचा शब्द पायजे फक्त. मग छाती काढून मराठी बोलतो.”

“तवर मला काय म्हणणार? माताजी?”

त्याच्या खोलीतला रामप्रवेश खरोखरच छपऱ्याचा होता. पहिल्याच रात्री तो पोट धरून हसला. “अरे छपरावाले, हमारे यहाँ ऐसी हिंदी कौन बोलता है? चुप रहा कर, वही अच्छा है.” त्यानंतर त्याने ही गोष्ट कुणाजवळ काढली नाही, उलट छपऱ्यातल्या गल्ल्यांची, घाटांची नावे भारतकडून घोकून घेतली.

भारत गप्प राहिला आणि काम चोख करू लागला.

यादवजी पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ होते. हिंदी स्वच्छ बोलत. डबा केबिनचे दार लावून खात. होळीला सारी लाईन रेल्वेची तिकिटे काढी, छठपूजेला निम्मी लाईन रिकामी होई. यादवजी जागचे हलत नसत. “काम छोड़कर कौन जाएगा?” एवढेच म्हणत. साहेब त्यांचे उदाहरण सर्वांना देत. श्रावणात त्यांनी एका मुलाला फोनवर मराठी बोलताना पकडले आणि त्याच दिवशी घरी धाडले. त्याच्या विनवण्या त्यांनी पाठ फिरवून ऐकल्या.

दसरा आला. घरी झेंडूच्या तोडणीला माणूस नव्हते, तरी भारतने रजा मागितली नाही. दसऱ्याला रजा मागणारा छपऱ्याचा कसा?

कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, पेढे वाटले गेले. फाटकावरच्या रखवालदाराने हौसेने सर्वांच्या हाती आपट्याची पाने ठेवली. रामप्रवेशने आपले पान कानावर खोवले. दुसऱ्या एकाने आपल्या पानाला पेढ्याचे हात पुसले.

भारत वळला, तो समोर यादवजी.

वडीलधारे माणूस, दसऱ्याचा दिवस, हातात पान. लहानपणापासूनची सवय त्याच्याआधी पुढे झाली. त्याने पान यादवजींच्या तळहातावर ठेवले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

लावल्यावर त्याला कळले. तो उठेना.

“भरतकुमार,” यादवजी म्हणाले, “केबिन में आओ.”

रामप्रवेशने कानावरचे पान काढून मुठीत दाबले.

केबिनचे दार लागले. यादवजींनी पान टेबलावर ठेवले.

“छपरा में यह देते हैं?”

“नहीं, साहब.”

“गाँव?”

आता खोटे बोलण्यात अर्थ उरला नव्हता. भारतने मान वर केली. “शिरूर तालुका, सर. घोडनदीकाठी. चोरी केली न्हाई; काम मागितलं. काढायचं तर काढा.”

दार नीट लागले आहे याची यादवजींनी पुन्हा एकदा खात्री केली.

“पक्कं व्हायचंय ना, लेकरा? मग हितं असं वाकायचं न्हाई,” ते अगदी हळू म्हणाले. “हे हाकेच्या अंतरावर दौंड. तिथं माझी आई हाय. नोकरी लागल्यापासनं मी तिलाबी सोनं द्यायला गेलो न्हाई.”